लाल कापडातला हजेरीपट

१

लाल कापडाची गाठ मुख्याध्यापिकांनी स्वतःच्या हातांनी सोडली आणि आतून निघाला आठवी ब चा जुना हजेरीपट.

"हे काय आहे?" त्यांनी विचारलं.

पोचबाईने रिकामं कापड झटकून पाहिलं. त्या कापडात शाळेचं लॉगबुक असायला हवं होतं. सकाळी दहा वाजता ते होतं. मुख्याध्यापिकांनी पाहिलं होतं, गणिताच्या निवृत्त सरांनी पाहिलं होतं, चित्रकलेच्या सरांनी पाहिलं होतं, आणि पोचबाईने सगळ्यांच्या देखत ते परत बांधून दप्तरखोलीतल्या कपाटाच्या वरच्या खणात ठेवलं होतं. आता साडेबारा वाजले होते. शनिवारची अर्धी शाळा सुटली होती, मुलं पांगली होती, आणि लॉगबुकाचा पत्ता नव्हता.

पोचबाई म्हणजे शाळेची क्लार्क. कुणी खडूची पेटी नेली तरी ‘पोच द्या’, कुणी रजेचा अर्ज दिला तरी ‘पोच घ्या’, त्यावरून हे नाव पडलं आणि चिकटलं. आठ वर्षं ती इथे हंगामी म्हणून राबत होती. नवरा जाऊन सहा वर्षं झाली होती. घरी सासू, दोन मुली, आणि मिळवती ही एकटी. तिला कायम करण्याचा कागद एकदाचा मुख्याध्यापिकांच्या टेबलावर येऊन पडला होता. सोमवारी त्यावर सही व्हायची होती.

आणि लॉगबुक तरी काय साधंसुधं? पंचाहत्तर वर्षांपूर्वी शहराबाहेरच्या ह्या वस्तीत विटांच्या रिकाम्या गोदामात अकरा मुलांवर शाळा सुरू झाली. तेव्हापासून पस्तीस वर्षं पहिल्या मुख्याध्यापकांनी, म्हणजे मोठ्या सरांनी, ते स्वतःच्या हाताने लिहिलं होतं. छप्पर कधी गळलं, पहिली मुलगी कधी दाखल झाली, तपासणीला आलेला साहेब कुणावर डाफरला, सगळं त्यात होतं. लोकांपासून काही लपवलं तरी वहीपासून लपवणार नाही, असा तो माणूस. आता पंचाहत्तरीनिमित्त शाळेचा इतिहास छापायला निघाला होता. गणिताचे निवृत्त सर तो लिहीत होते. मजकूर सोमवारी छापखान्यात जायचा होता, आणि आज पाच वाजता शाळेच्या मंडळाचे अध्यक्ष लॉगबुक बघायला येणार होते.

"दप्तरखोलीची किल्ली कुणाकडे असते?" मुख्याध्यापिकांनी विचारलं.

"माझ्याकडे, मॅडम."

"दुसरी?"

"दुसरी नाहीच."

"मग मी काय समजायचं?" मुख्याध्यापिका दाराकडे वळल्या. "मावशी! गेटला कुलूप लावा. पाच वाजेपर्यंत इथून कुणीही हलणार नाही. आणि पोचबाई, अध्यक्षांनी विचारलं की मला कुणाचं तरी नाव सांगावं लागेल. किल्ली तुमची, ताबा तुमचा, सही तुमची. दुसरं कुणाचं नाव सांगू मी?"

बाहेर साखळी खडखडली आणि कुलूप बसलं.

२

आत उरले पाच जण. मुख्याध्यापिका, पोचबाई, गणिताचे सर, चित्रकलेचे सर आणि शिपाई मावशी. सगळ्यांच्या पिशव्या टेबलावर उपड्या करून झाल्या. चित्रकलेच्या सरांच्या पिशवीतून चार ब्रश आणि मोजे निघाले, गणिताच्या सरांच्या पिशवीतून इतिहासाचं हस्तलिखित आणि चष्म्याची डबी. मावशींच्या पिशवीत डबा. लॉगबुक असं तळहातावर लपवण्यासारखं नव्हतंच. उशीएवढं जाड बाड ते.

पोचबाई आपल्या खुर्चीत बसली आणि मनाला म्हणाली, बये, रडायचं असेल तर पाचनंतर रड. आता डोकं चालव.

दप्तरखोलीला खिडकी नाही. दार एकच, आणि ते पोचबाईच्या खुर्चीच्या मागच्या बाजूला. आत जाणाऱ्याला तिच्या कोपराला घासूनच जावं लागतं. सकाळी दहाला लॉगबुक परत ठेवलं तेव्हा मुख्याध्यापिकांनी नवीनच टूम काढली होती: शाळा सुटली की चित्रकलेच्या सरांनी लॉगबुकाच्या पानन् पानाचे फोटो काढायचे आणि ते सगळे इतिहासाच्या शेवटी जोडायचे. त्यानंतर तिघं जण आत गेले होते. सव्वादहाला मावशी केर काढायला. पावणेअकराला गणिताचे सर, जुने निकाल बघायला. ते अर्धा तास आत होते. साडेअकराला चित्रकलेचे सर. तिघंही बाहेर आले तेव्हा हात रिकामे होते. हे ती शपथेवर सांगायला तयार होती. पण मग लॉगबुक गेलं कुठून? भिंतीतून?

आणि ह्याच बिनतोड साक्षीने तीच गोत्यात येत होती. बाहेर कुणी नेलं नाही म्हटल्यावर नेणारी ती एकटीच उरत होती.

आधी तिने चित्रकलेच्या सरांना गाठलं. गडी घाबरून पांढरा पडला होता.

"मी हात लावला नाही हो! उजेड कसा आहे ते बघायला गेलो होतो. शाळा सुटल्यावर फोटो काढायचे म्हणून."

"नुसता उजेड बघायला वीस मिनिटं?"

"ती हजेरीपटांची रांग आहे ना, सगळी एकसारखी तपकिरी कव्हरं... छान दिसत होती. मुखपृष्ठाला होईल म्हणून फोटो काढला." त्यांनी मोबाईल पुढे केला. "हा बघा. अकरा चाळीस."

फोटोत दप्तरखोलीतली लांबलचक फळी होती. एकेका तुकडीचे दहा-दहा वर्षांचे हजेरीपट एकत्र बांधलेले, साठेक बाडं, सगळ्यांना तपकिरी कागदाची कव्हरं आणि पाठीवर चिठ्ठ्या. ही कव्हरं पोचबाईनेच सुट्टीत घातली होती. महिनाभर हातांना खळीचा वास येत होता.

"दिसतंय खरं छान," ती म्हणाली, आणि मोबाईल परत देताना तिला काहीतरी खटकलं. काय खटकलं ते मात्र कळेना.

गणिताचे सर स्टाफरूममध्ये खिडकीशी बसले होते. पासष्टीचा, नीटनेटका, हळू बोलणारा माणूस. निम्मी वस्ती त्यांच्या हाताखालून गेलेली, मुख्याध्यापिकासुद्धा. त्या त्यांना अजून वाकून नमस्कार करतात.

"सर, तुम्ही आत होतात तेव्हा लाल बाड जागेवर होतं?"

"होतं. वरच्या खणात."

"उघडलंत?"

"कशाला उघडू? दोन महिने तेच वाचतोय. मला निकाल बघायचे होते." त्यांनी चष्मा पुसला, पुन्हा घातला, पुन्हा काढला. "बाई, तुम्ही फार मनाला लावून घेऊ नका. अशा वस्तू सापडतात. महिन्या-दोन महिन्यांनी कुठेतरी कपाटामागे सापडतात."

"दोन महिन्यांनी सापडून मला काय, सर? माझं नाव पाच वाजता जाणार आहे."

सर खिडकीबाहेर बघू लागले. गेटावरचं कुलूप तिथून स्पष्ट दिसत होतं. "हो," ते म्हणाले, "ते खरं."

घड्याळात दोन वाजून गेले होते.

३

पोचबाई ऑफिसात परतली आणि तिने तो नको असलेला हजेरीपट पुढ्यात ओढला. आठवी ब, पन्नास वर्षांपूर्वीचा. चाळताना एका पानावर ती थबकली. पान पिवळं पडलेलं, जुन्या शाईचे आकडे विटलेले. पण महिन्याच्या एकूण हजेरीवर लाल रेघ होती, आणि ती लाल कशी? तकतकीत. आठशे बारा ह्या आकड्यावर एक तिरकी रेघ, शेजारी आठशे एकवीस, आणि त्याखाली दोन रेघा.

मावशी पाण्याचा तांब्या घेऊन आल्या. "प्या दोन घोट. तोंड बघा कसं झालंय."

"मावशी, हे बघा. ही शाई आजची वाटते ना?"

मावशींनी तांब्या ठेवला, पदराला हात पुसले आणि पानावर वाकल्या. त्यांची नजर आकड्यांच्या रांगेवरून वरून खाली सरकत गेली. "आजचीच. आणि बरोबर केलंय. आठशे एकवीसच होतात."

पोचबाई बघतच राहिली. एकतीस मुलांच्या आकड्यांची बेरीज, आणि ही बाई उभ्या उभ्या करून मोकळी! "मावशी, तुम्हाला एवढी बेरीज...?"

"येते की. दहावीपर्यंत होते मी. ह्याच शाळेत."

"मला कधी बोलला नाहीत ते!"

"तुम्ही माझ्याकडून झाडूची पोच घेता. शाळेचा दाखला कधी मागितलात?" मावशी हसल्या, आणि हसू लगेच आवरलं. "असू दे. जुनी गोष्ट आहे."

त्या गेल्या. पोचबाईच्या डोक्यात मात्र चाकं फिरायला लागली. हा हजेरीपट उघडा होता. तपकिरी कव्हर नव्हतंच त्याला. आणि तिने तर एकूण एक बाडाला कव्हर घातलं होतं! मग ह्याचं कव्हर कुठे गेलं?

आणि मग मघाशी काय खटकलं ते तिला लख्ख कळलं. रांगेतून एक बाड बाहेर आलं, तर रांगेत खाच पडायला हवी. अकरा चाळीसच्या फोटोत खाच नव्हती.

ती धावतच आत गेली. रांगेवर बोट फिरवत, चिठ्ठ्या वाचत. आठवी अ. आठवी अ. आणि त्याच्या शेजारी, जिथे मोकळी जागा असायला हवी तिथे, तिच्याच अक्षरातली चिठ्ठी मिरवत एक बाड ऐटीत उभं होतं: आठवी ब.

पोचबाईने ते ओढून काढलं आणि कव्हर फाडलं. आत लॉगबुक होतं.

ते खोलीबाहेर गेलंच नव्हतं. त्या काळी शाळेच्या सगळ्या वह्या एकाच बांधणीवाल्याकडून एकाच मापात यायच्या. एकाचं कव्हर दुसऱ्याला चपखल बसलं होतं. साठ बाडांच्या गर्दीत ते वर्षभरसुद्धा कुणाला सापडलं नसतं. आनंदाने ओरडावंसं वाटलं तिला. पण ओरडून सांगणार काय? ‘सापडलं’? कुठे सापडलं? बाईंच्याच खोलीत, बाईंच्याच चिठ्ठीखाली. लपवलं कुणी? बाईंनीच. हाती लागलेली वस्तूच आता तिच्या गळ्याशी आली होती. कुणी केलं हे सांगता आलं नाही, तर सापडलेलं लॉगबुक हरवलेल्या लॉगबुकापेक्षा वाईट.

आणि का केलं? ती पानं उलटू लागली. एका पानाचा कोपरा दुमडलेला होता आणि परत नीट उलगडलेला. एक्केचाळीस वर्षांपूर्वीची तारीख. मोठ्या सरांचं टपोरं अक्षर.

‘दहावी अ. गणिताची प्रश्नपत्रिका तिसऱ्या तासाला माझ्या कपाटातून गेली. ती मंडळाच्या चिटणिसांच्या चिरंजीवांच्या दप्तरात मिळाली. चिटणिसांच्या आग्रहावरून हजेरी क्रमांक सतरा हिच्यावर ठपका ठेवला. तिच्यामागे बोलणारे कोणी नाही. सदर मुलगी त्या तासाला वर्गात होती. गणिताच्या शिक्षकांस तासाच्या हजेरीत तिला गैरहजर दाखवण्यास सांगितले. त्यांनी दाखवले. ते हंगामी आहेत. मुलीचे नाव कमी केले. मी हे योग्य केले नाही.’

पोचबाईने ते तीनदा वाचलं. ‘ते हंगामी आहेत’ ह्या शब्दांवर तिचं बोट अडून राहिलं. तीनच होते. पण तिला ते फार जड वाटले.

४

मावशी जिन्यावर पायरीला टेकून बसल्या होत्या.

"मावशी, दहावीत तुमचा हजेरी क्रमांक किती होता?"

मावशींनी वर पाहिलं. "सतरा. का?"

पोचबाई त्यांच्याशेजारी बसली. सकाळी सव्वादहाला ही बाई दप्तरखोलीत एकटी होती. बेरीज हिला येते. कारण हिच्याकडेही आहे, कुणालाही वाटेल की चोरीचा जुना बट्टा कागदावर नको म्हणून हिनेच बाड दडवलं. मुख्याध्यापिकांना हे कळलं की पाचच्या आत दुसरं नाव मिळेल, आणि पोचबाई सुटेल. इतकं सोपं होतं ते.

"मावशी, लॉगबुकात काय लिहिलंय ते ठाऊक आहे तुम्हाला?"

"मला कोण वाचायला देणार? पुसायला देतात." त्यांनी गुडघे चोळले. "चोरटी म्हणून लिहिलं असेल. दाखल्यावर तसंच लिहिलंय. तेवढ्यासाठी दुसऱ्या शाळेने घेतलं नाही. मग चार घरची कामं, मग इथे झाडू. ज्या वर्गातून काढलं तोच वर्ग तीस वर्षं झाडतेय, बघा. गेटातून आत येते आणि गेटातून बाहेर जाते, पण खरं सांगू, मी बाहेर गेलेच नाही कधी."

मावशींच्या पिशवीतून फक्त डबा निघाला होता, लाल पेन नाही. शिपायाला लाल पेन कोण देतो? आणि वह्या पुसणाऱ्या बाईने चुकलेली बेरीज पाहिली तर ती मनात करून सोडून देते, पानाला हात लावत नाही. रेघ मारून, आकडा बदलून, खाली दोन रेघा ओढल्याशिवाय ज्याला राहवत नाही, असा माणूस शाळेत एकच होता. त्याने घाईत कव्हर उतरवलं, पान उघडं पडलं, चूक दिसली, आणि हात चालला. चोरी करतानासुद्धा.

पण हे सांगितलं तर मुख्याध्यापिका हसतील. सर? आमचे सर? एका लाल रेघेवरून?

साडेचार वाजले होते. पोचबाई उठली.

"मावशी, पाच मिनिटांनी ऑफिसात पाणी घेऊन या. सगळ्यांना."

५

"मॅडम, दहा मिनिटं फक्त बघत राहा. काही बोलू नका," पोचबाई मुख्याध्यापिकांच्या कानाशी म्हणाली. मग तिने दोन्ही सरांना बोलावून टेबलाभोवती बसवलं. तो आठवी ब चा हजेरीपट टेबलावर उघडा पडला होता. जरा गणिताच्या सरांच्या बाजूला, आणि मघाच्या पानाच्या पुढच्या महिन्यावर. त्या वर्षीच्या वर्गशिक्षकांचं आणि बेरजेचं वाकडंच होतं, देव त्यांचं भलं करो. इथेही एकूण बेरीज चुकलेलीच होती.

पोचबाईने घसा साफ केला आणि सकाळपासूनचा सगळा पाढा वाचायला घेतला. कोण किती वाजता आलं, कोणत्या दाराने आलं, किल्ली कुठल्या खिळ्याला असते, तो खिळा कधी मारला. चित्रकलेच्या सरांनी जांभई दाबली. गणिताच्या सरांनी आधी भिंतीकडे पाहिलं, मग हातांकडे, मग पानाकडे. पानावरून नजर काढून घेतली. पुन्हा पानाकडे. त्यांचे ओठ किंचित हलत होते. पोचबाई खिळ्याचं सांगतच राहिली. मावशी पाणी घेऊन आत आल्या आणि दाराशीच थांबल्या.

सरांचा हात खिशाकडे गेला. लाल पेन निघालं. सातशे चौऱ्याहत्तरवर एक तिरकी रेघ. शेजारी सातशे चौऱ्याऐंशी. खाली दोन रेघा.

पोचबाई बोलायची थांबली. तिने काही न म्हणता आधीचं पान उलटलं आणि मुख्याध्यापिकांपुढे सरकवलं. तीच तिरकी रेघ, तशाच दोन रेघा. मग खालच्या खणातून तिने लॉगबुक काढलं आणि शेजारी ठेवलं. कव्हर कसं बदललं, रांगेत खाच का नव्हती, सगळं चार वाक्यांत सांगितलं.

सर आपल्या हातातल्या पेनाकडे बघत होते. त्यांनी टोपण लावलं.

"पानन् पान छापायचं ठरलं," ते म्हणाले. "सकाळी. मला वाटलं, सोमवार टळू दे. मग मी स्वतःच काढून दिलं असतं. फाडायला हात झाला नाही, बाळ. मोठ्या सरांचं अक्षर आहे."

"कुठलं पान?" मुख्याध्यापिकांनी विचारलं. पोचबाईने दाखवलं. त्या वाचत गेल्या आणि त्यांचा चेहरा उतरत गेला.

"तेव्हा माझा कायमचा कागद मोठ्या सरांच्या टेबलावर होता," सर म्हणाले. "आई आजारी होती. सतराच्या पुढे एक टिंब होतं ते खोडून फुली करायची होती. एवढंच. एका फुलीवर मी चौतीस वर्षं नोकरी केली."

"आणि आज माझा कागद टेबलावर आहे, सर," पोचबाई म्हणाली. तिचा राग आता आवरेना. "तुम्हाला माहीत होतं. माझं नाव जाणार हे ऐकून तुम्ही ‘ते खरं’ म्हणालात आणि खिडकीबाहेर बघत बसलात! एकदा केलंत ते समजू शकते मी. पुन्हा?"

मुख्याध्यापिका उठल्या, खिडकीपर्यंत गेल्या आणि परत आल्या. आवाज अगदी मऊ केला. "हे बघा. लॉगबुक मिळालं. चुकून दुसऱ्या कव्हरात गेलं होतं, इतकंच अध्यक्षांना सांगू. फोटो निवडक पानांचे काढू. पोचबाई, तुमच्यावर काही राहिलं नाही. ‘लॉगबुक सुस्थितीत परत मिळाले’ एवढ्या नोंदीवर सही करा, मी तुमच्या कागदावर आत्ताच्या आत्ता सही करते. सोमवारची वाट कशाला?"

त्यांनी खरंच तो कागद ओढला. पेन उघडलं. पोचबाईला आपल्या दोन्ही मुली डोळ्यांसमोर दिसल्या, आणि सासूचं ‘झालं का गं काम?’ कानात वाजलं. सही केली की सुटका. सकाळपासून ती ह्याच सुटकेसाठी तडफडत होती. एक्केचाळीस वर्षांपूर्वी ह्याच टेबलाच्या ह्याच बाजूला एक हंगामी माणूस असाच उभा राहिला असेल, आणि त्यालाही हे इतकंच सोपं वाटलं असेल.

दाराशी मावशी ट्रे धरून उभ्या होत्या. ग्लास एकमेकांवर किणकिणत होते.

"नाही, मॅडम," पोचबाई म्हणाली. "लॉगबुक माझ्या ताब्यातलं. नोंदीवर माझी सही लागते. नुसतं ‘परत मिळाले’ असं लिहिलंत तर मी सही करणार नाही. कुणी ठेवलं, कुठल्या पानासाठी ठेवलं आणि त्या पानावर जे आहे ते खरं की खोटं, ते सगळं लिहा. मग माझ्या कागदाचं काय करायचं ते तुमच्या मर्जीवर."

"तुम्हाला कळतंय का काय बोलताय?"

"कळतंय. म्हणून तर उभं राहवत नाहीये."

मग सर खुर्चीतून अर्धवट उठले. "मी सांगतो. लिहून घे, बाळ. मी..."

"तुम्ही नंतर, सर," पोचबाईने त्यांना अडवलं. "तुम्हाला तेव्हाही विचारलं होतं. आधी मावशींना. सतरा क्रमांक त्यांचा."

मुख्याध्यापिकांनी दाराकडे पाहिलं. त्या खाली बसल्या. कायम करण्याचा कागद त्यांनी बाजूला ठेवला, सही न करता. लॉगबुकाच्या शेवटी बरीच पानं कोरी होती. त्यातलं पहिलं त्यांनी उघडलं, तारीख घातली आणि एक रिकामी खुर्ची पुढे ओढली.

"मावशी, बसा."

"मी उभीच बरी."

"नाही. बसा." मुख्याध्यापिकांचा आवाज जरा चिरकला. "प्रश्नपत्रिका गेली त्या दिवशी, तिसऱ्या तासाला, तुम्ही कुठे होतात?"

मावशींनी ट्रे टेबलावर ठेवला. खुर्चीच्या कडेवर बसल्या, जशी मुलं ऑफिसात बसतात तशा. सरांकडे त्यांनी पाहिलं नाही.

"फळ्यापाशी," त्या म्हणाल्या. "वर्तुळाचा धडा चालू होता. सरांनी विचारलं, कोण येतंय, आणि कुणीच उठेना, म्हणून मी गेले. त्रिज्या पाच सेंटिमीटर, बाहेरचा बिंदू केंद्रापासून तेरा सेंटिमीटरवर, तिथून वर्तुळाला स्पर्शिका काढायची आणि तिची लांबी सांगायची. मी आकृती काढली. काटकोन दाखवला. खडू हातात होता तेवढ्यात मोठे सर दारात आले आणि म्हणाले, सतरा नंबर, बाहेर ये. उत्तर लिहायचं राहून गेलं."

मुख्याध्यापिकांचं पेन थांबलं. "काय होतं उत्तर?"

"बारा."

सरांनी चष्मा काढला आणि डोळ्यांवर हात धरला. "बरोबर," ते म्हणाले.

मुख्याध्यापिकांनी तेही लिहिलं.